हिरवं वजन

रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता जुन्या बाजारात एकाच वस्तूवर दोन हात पडले.

वस्तू लोखंडी होती. वीतभर उंच, बुडाला सपाट, वर निमुळती होत गेलेली. अंगावर हिरव्या रंगाचे इतके थर होते, की लोखंड कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो हे सांगता येत नव्हतं. शेंड्यावर कोटाच्या बटणाएवढं शिशाचं बूच होतं. एक हात पुस्तकं बांधणाऱ्या मुलीचा होता. त्याच्या नखांच्या कडांना वाळलेली खळ होती. दुसरा वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचा. तो तेलाने काळवंडलेला.

"मी आधी उचललं," ती म्हणाली.

"उचललं कुठे? नुसता हात ठेवलाय. उचलून दाखवा."

तिने उचललं. एका हाताने, मनगट न कापवता. काटेवाल्याने आपला हात मागे घेतला, पण जागा सोडली नाही.

"घ्या. पण हे काय आहे, ते माहीत आहे का?"

"दाराला लावायचं," विक्रेता मध्येच म्हणाला. "वाऱ्याने दार आपटू नये म्हणून."

"मागच्या रविवारी तुम्ही याला बत्ता म्हणत होतात."

"बत्ता म्हणून गिऱ्हाईक मिळेना साहेब, म्हणून दाराला लावलं."

ती हसली. काटेवाल्याने हात पुढे केला, तिने वस्तू त्याच्याकडे दिली, आणि देता-घेता बोटांना बोटं लागली — दोघांनीही ते पाहिलं नसल्यासारखं केलं. त्याने ती वस्तू कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवली.

"बीड आहे. ओतीव लोखंड. वखारीतलं जुनं वजन आहे हे. हे वरचं बूच बघा. वजन कमी भरलं, तर भोकात शिसं ओततात. जास्त भरलं, तर थोडं कोरून काढतात."

"मग वजनावरचा शिक्का कुठाय?"

"रंगाखाली असेल."

"आणि बुडाजवळची ही गोल खाच?"

त्याने अंगठा खाचेतून एकदा पूर्ण फिरवला.

"दोरी बांधायला," तो म्हणाला.

"छातीठोक सांगताय?"

"माझा धंदाच आहे तो."

"मग माझं एक काम करा. माझ्याकडे नकाशांचं एक जुनं पुस्तक आलंय दुरुस्तीला. इतकं मोठं, की पुस्तक दाबायच्या प्रेसमध्ये मावत नाही. फळ्यांमध्ये घालून दोन टोकांना दोन वजनं ठेवावी लागतात. एक आहे माझ्याकडे. दुसरं अगदी तेवढंच हवं. नाहीतर कणा तिरका बसतो."

"दोन्ही घेऊन दुकानात या. जुळवून देतो. छापखान्यामागच्या गल्लीत, खाली दुकान, वर आत्या."

"आत्यासुद्धा वजनं जुळवतात?"

"नाही. माणसं जुळवायला बघते. तुम्ही लक्ष देऊ नका."

सोमवारी ती दोन्ही वजनं घेऊन गेली. हिरवं अर्धा किलो जास्त भरलं. काम तिथेच उरकण्यासारखं होतं. काटेवाला म्हणाला, शिसं कोरायच्या गिरमिटाचं पातं बोथट झालंय. मंगळवारी पातं धारदार होतं, पण दुधाच्या डेअरीचा मोठा काटा आला होता, त्याची घाई होती. बुधवारी कुणाचीच घाई नव्हती. तेव्हा ती स्टुलावर बसून होती आणि तो तिला दाखवत होता, की काट्याच्या मधल्या सुईवर नुसती फुंकर घातली तरी ती कशी थरथरते.

"माणसाचा श्वाससुद्धा वजनात धरतो काटा," तो म्हणाला.

"मग मी श्वास रोखू?"

"नको. तुम्ही बोला. मीच रोखतो."

वरून काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. आत्याला गुडघ्यांमुळे सारखं खाली येता येत नसे. तिचे सगळे प्रश्न काठीने सुरू व्हायचे.

"कोण आलंय रे?"

"गिऱ्हाईक आहे, आत्या."

"कालचंच?"

ती ओठ दाबून खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर पावसाची बारीक भुरभुर होती, आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानातली दोन माणसं इकडेच बघत होती.

गुरुवारी ती आली ती उभ्या उभ्याच बोलली. नकाशांचं पुस्तक शनिवारी द्यायचं होतं.

"आज झालंच पाहिजे. मी इथे उभी राहते. झालं की घेऊन जाते."

"म्हणजे उद्यापासून येणार नाही?"

"उद्यापासून काय कारण आहे यायला?"

 त्याने हिरवं वजन बाकावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे कामाची वस्तू आवळून धरणाऱ्या लोखंडी पकडीत, किंचित कलतं बसवलं. व्हाइसचे आटे झिजलेले होते. गावभरच्या काट्यांचे आटे तो बसवून देई आणि स्वतःच्या व्हाइसला हात लावायला त्याला वेळ नव्हता. आत्या याला दिव्याखाली अंधार म्हणायची. मग त्याने हाताचं गिरमिट बुचावर टेकवून फिरवायला सुरुवात केली. शिशाचा चकचकीत कीस वेटोळ्या-वेटोळ्यांनी बाहेर येऊ लागला. ती बाकाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून बघत होती. आधी कीस. मग त्याचे हात.

अकराच्या सुमारास कीस काळा झाला.

तो कीस नव्हताच. पूड होती, ओल्या चहाच्या चोथ्यासारखी गोळा झालेली. त्याने चिमटीत घेऊन हुंगली. काड्यापेटीचा वास आला. त्याचा हात झटक्याने मागे आला, बाकाला धक्का बसला आणि व्हाइसचे आटे सुटले. हिरवं वजन कललं. ते खाली फरशीवर पडायच्या आत त्याने दोन्ही हातांनी कवटाळून छातीशी धरलं. अर्धं अजून पकडीत होतं, अर्धं त्याच्या अंगावर. गिरमिटाचं पातं बुचात तसंच रुतलेलं होतं आणि गिरमिटाची मूठ काटेवाल्याच्या गळ्याच्या हाडाला टेकली होती.

"तुम्ही बाहेर जा," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता.

"काय झालं?"

"हे वजन नाही."

"मग काय आहे?"

"तोफेचा गोळा असावा, लांबट असतो तसला. आत दारू आहे. बंदुकीची."

"असावा?"

"असावा. मी हललो, तर पातं आत घासेल. घासलं, की ठिणगी पडेल की नाही, ते मला माहीत नाही. म्हणून तुम्ही बाहेर जा."

 तिचं बोलणं चालूच राहिलं. घाबरली, की तिचं तसंच व्हायचं.

"पहिल्यांदा मिठी मारलीस, तीही लोखंडाला."

त्याने मान न हलवता फक्त डोळे वळवले. तिने त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं.

"हसवू नका. हसलो तर हलेन."

ती बाहेर गेली आणि गल्लीच्या टोकाशी जाऊन फोन केला. पोलिसांनी बॉम्बशोधक पथकाला जोडून दिलं. तिथल्या बाईंनी तीन-चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, की ज्याने धरलंय त्याने अजिबात हलू नये, बाकी सगळ्यांनी बाहेर पडावं, आजूबाजूची दुकानं रिकामी करावीत.

"किती वेळ लागेल?"

"पुलाचं काम चालू आहे. वळसा घालून येतोय. तुम्ही आत जाऊ नका."

तिने शिंप्याला सांगितलं, शिंप्याने गल्लीला सांगितलं. तेव्हा तिला वरची काठी ऐकू आली.

आत्याच्या खोलीचा जिना दुकानातूनच उतरत होता. लाकडी, कुरकुरणारा, आणि त्याची शेवटची पायरी बाकापासून हातभर अंतरावर. ती आत गेली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि काही म्हणायला तोंड उघडलं.

"आत्यांना आणते," ती म्हणाली. "मग जाते."

आत्या पलंगावर बसून मोजे घालत होती.

"तूच का ती? रोजचं गिऱ्हाईक?"

"हो. आत्या, खाली चला. हळू. पाय न आपटता."

"का? आग लागली का?"

"अजून नाही."

आत्याने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. पुढचा प्रश्न विचारला नाही. काठी पलंगावर ठेवली आणि दोन्ही हात तिच्या खांद्यावर टाकले. दोघी एकेक पायरी उतरल्या. प्रत्येक पायरीला बाकावरच्या छोट्या काट्याची सुई थरथरत होती, आणि त्या सुईकडे तिघंही बघत होते. मधल्या एका पायरीवर आत्याचा गुडघा अडला. ती वाकली, लाकूड कर्रकन वाजलं. भाच्याने डोळे मिटून घेतले. काही झालं नाही.

दारातून बाहेर पडताना आत्या भाच्याकडे न बघता म्हणाली, "लहानपणी मांजरं उचलून आणायचास, आता हे."

"आत्या, जा बाहेर."

"जाते. हिला सोडू नकोस म्हणजे झालं."

आत्याला शिंप्याच्या बायकोच्या हवाली करून ती रस्त्यात उभी राहिली. भुरभुर थांबली होती. गल्ली रिकामी झाली होती, आणि लांबवर, कोपऱ्यापाशी, छत्र्या मिटलेली गर्दी. पथकाचा पत्ता नव्हता. उघड्या दारातून तिला तो दिसत होता, पाठमोरा, बाकावर वाकलेला. त्याचा उजवा खांदा कापत होता. आधी थांबून थांबून, मग सलग.

ती परत आत गेली.

"आता का आलीस?" त्यानेही 'तू' म्हटलं. त्याच्या लक्षात आलं नाही.

"किती वेळ धरशील?"

"धरेन."

"खांदा बघ तुझा."

"हात घामेजलेत," तो अखेर म्हणाला. "रंगावरून घसरतायत."

तिने पिशवी उघडली. पिशवीत तिचं रोजचंच सामान होतं, त्यात जाड सुती फितीचं रीळ होतं. जुन्या पुस्तकाच्या कण्यावर नवं कातडं चढवलं, की ते सुकेपर्यंत पुस्तक फळ्यांसकट फितीने बांधून ठेवतात. ओलं कातडं बोटाच्या दाबानेही सरकतं. म्हणून ती बांधणी धक्का न देता करायची असते, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर नुसता टेकवत, आणि ताण शेवटी एकदाच. हे काम ती रोज करायची. तोफगोळ्यावर कधी केलं नव्हतं.

"मी हे व्हाइसला बांधते. तुझ्या हातांच्या वरून. मग तू हात काढून घे."

"पथकाने सांगितलं असेल ना, आत जाऊ नका म्हणून?"

"त्यांनी येतोय असंही सांगितलंय."

पहिला वेढा तिने त्याच्या कोपराखालून घेतला. तिचं डोकं त्याच्या हनुवटीला लागत होतं. तिच्या केसांना खळीचा वास होता, त्याच्या शर्टाला तेलाचा, आणि दोन्हींच्या मध्ये तो काड्यापेटीचा.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"आत्ता?"

"नंतर सांगायला मिळेल की नाही…"

"मग सांगूच नकोस. नंतरसाठी काहीतरी शिल्लक राहू दे."

दुसरा वेढा. तिसरा. मग त्याला राहवलं नाही.

"बाजारात मी छातीठोक सांगितलं ना, वजन आहे म्हणून… माझी खात्री नव्हती. ती खाच. वजनाला तशी खाच नसते. मला तेव्हाच खटकलं होतं."

फीत थांबली.

"मग वजन का म्हणालास?"

"वजन नाही म्हणालो असतो, तर तू ते घेऊन निघून गेली असतीस. वजन म्हटलं, की माझ्याकडेच यावं लागणार होतं."

 तिचा श्वास त्याला गळ्यावर जाणवला, आधीपेक्षा गरम.

"म्हणजे एवढ्यासाठी," ती हळूच म्हणाली, "तुझा जीव, माझा जीव, वर त्या बिचाऱ्या आत्या…"

"हो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर—"

"गप्प बस. मला राग आलाय. रागात गाठ सैल पडते माझी. आता एक अक्षर बोलू नकोस."

तिने डोळे मिटले, एकदा श्वास सोडला, आणि पुढचा वेढा घेतला. वेढे बुडाकडून वर चढत गेले, गिरमिटाला वळसा घालून, व्हाइसच्या जबड्याखालून फिरून परत. मग फितीची दोन्ही टोकं तिने मुठीत घेतली आणि ताण दिला, इतका सावकाश, की ताण येतोय की नाही हे फक्त त्याच्या छातीला कळलं. ओझं हळूहळू त्याच्या अंगावरून उतरत होतं.

"डावा हात."

त्याने डावा हात काढला.

"आता उजवा. बोटं आधी."

बोटं निघाली, तळवा निघाला. हिरव्या लोखंडाने फितीत किंचित बसकण घेतली आणि आतून 'टक्' असा आवाज आला.

दोघंही होते तिथेच थिजले. तिची मूठ फितीवर, त्याचे दोन्ही हात हवेत. बाहेर कुणाची तरी सायकल पडल्याचा आवाज झाला आणि त्यानेही ते दचकले नाहीत.

काही झालं नाही.

"गाठ," तो ओठांनीच म्हणाला. तिने गाठ मारली. मग दोघं पाठमोरे न होता, एकेक पाऊल मागे सरकत, दाराबाहेर आले. कोपऱ्यापर्यंत ती पुढे आणि तो मागे चालत गेला. तिने वळून बघितलं नाही.

पथक आलं तेव्हा गाडीतून उतरलेल्या प्रमुख बाईंनी आधी दुकानात डोकावून बघितलं, मग या दोघांकडे.

"फितीने कुणी बांधलं?"

"मी," ती म्हणाली.

"मी फोनवर काय सांगितलं होतं?"

"आत जाऊ नका म्हणून."

"परत असं कराल?"

ती विचारात पडली. बाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. जड पोशाखातली दोन माणसं आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाहीत.  आत्या शिंप्याच्या खुर्चीत बसून दुकानाच्या दाराकडे टक लावून होती.  काटेवाल्याने उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला होता. शेवटी ती माणसं एक वाळू भरलेली पेटी दोघांत धरून बाहेर आली, पेटी गाडीत गेली, आणि मगच बाईंनी जबाब घ्यायला कागद काढला.

"गोळाच आहे ना?" काटेवाल्याने विचारलं.

"आकार गोळ्याचा आहे, बुडाजवळची खाच तांब्याच्या पट्ट्यासाठी असते. आतली पूड तपासावी लागेल. कधी कधी अशा पोकळ वस्तूंत लोक नुसता कोळसा-राख भरून ठेवतात, वजनासाठीच. अहवाल येईल तेव्हा कळेल. आधी हे सांगा, तुम्हाला शंका आली नव्हती?"

"आली होती."

"मग?"

"दुर्लक्ष केलं. चूक माझी आहे. यांचा काही संबंध नाही." गर्दीसमोर ती पुन्हा 'या' झाली होती.

बाई तिच्याकडे वळल्या. "तुम्ही ही वस्तू यांच्याकडे का आणलीत?"

"अर्धा किलो जास्त होती. कमी करायची होती."

"अर्ध्या किलोने काय बिघडलं असतं?"

तिने रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "काही नाही."

काटेवाल्याने मान वर केली.

"म्हणजे?"

"दुसऱ्या टोकाला वजनावर एक शब्दकोश ठेवला, की भागतं. मी नेहमी तेच करते."

"कणा तिरका बसतो म्हणाला होतात," तो म्हणाला.

"तुम्ही मध्ये बोलू नका," बाई म्हणाल्या. मग तिला विचारलं, "शब्दकोशाने भागतं, तर इथे रोज खेपा कशासाठी?"

ती खळ लागलेली नखं एकमेकांवर घासत राहिली. शिंप्याच्या खुर्चीतून आत्या म्हणाली, "विचारा, विचारा. मीसुद्धा सोमवारपासून तेच विचारतेय."

बाईंनी आत्याकडे बघितलं, काटेवाल्याकडे बघितलं, त्या लाल झालेल्या कानांच्या मुलीकडे बघितलं. पेन टेकवलं.

"कामानिमित्त," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "तेवढं पुरे."

नकाशांचं पुस्तक शनिवारी वेळेवर पोचलं. कणा सरळ बसला होता.

दुकान आणि वरची खोली अहवाल येईपर्यंत बंद आहे. दाराला पोलिसांचं कुलूप आहे. आत्या शिंप्याच्या घरी राहते आणि तिथल्या सुनेला मोजे विणायला शिकवते. डेअरीचा काटा अर्धवट राहिला होता, तो पुरा करायला काटेवाल्याला जागा हवी होती. पुस्तकबांधणीच्या खोलीत खिडकीजवळ एक टेबल रिकामं होतं. ते त्याला कुणी दिलं, यावर दोघांची दोन उत्तरं आहेत.

तो सकाळी येतो, संध्याकाळी जातो. ती शिवते, तो कानस घासतो. कातडं ओलं असलं, की ती हात वर करते आणि तो कानस थांबवतो. पहिले दोन दिवस ती त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलली, आणि तेही 'अहो' म्हणून. तिसऱ्या दिवशी पेला पुढे सरकवताना म्हणाली, "चहा घे, निवेल." राग गेला का, हे त्याने विचारलेलं नाही. तिने सांगितलेलं नाही.

अहवाल या आठवड्यात अपेक्षित होता. पथकाच्या बाईंनी दोघांनाही आपला नंबर देऊन ठेवला होता. उशीर झाला, तर फोन करून विचारा म्हणाल्या होत्या. आठवडा उलटला. आज दुपारपर्यंत त्या नंबरावर दोघांपैकी कुणीही फोन केलेला नाही.